हय्य इब्न यक्जान

एकांतातल्या मनाविषयीची अरबी तत्त्वचिंतनपर कथा. बाराव्या शतकात, मुसलमानी अमलाखालच्या स्पेनमध्ये इब्न तुफैल याने ती लिहिली. ग्रानादाजवळच्या वादी आश (आजचे ग्वादिक्स) गावचा हा तत्त्वज्ञ अल्मोहाद घराण्याचा खलिफा अबू याकूब यूसुफ याचा राजवैद्य होता. ११८५ मध्ये तो माराकेश येथे वारला. नायकाचे नाव त्याने आधीचा तत्त्वज्ञ-वैद्य इब्न सीना याच्या रूपककथेवरून घेतले. त्याचा अर्थ ‘जिवंत, जागत्याचा पुत्र’.

कथा घडते हिंदुस्थानाकडच्या, विषुववृत्तालगतच्या एका निर्जन बेटावर. हय्य तिथल्या मातीतूनच उपजला, की राजकन्येने पेटीत घालून समुद्रात सोडलेले ते मूल होते? लेखक दोन्ही हकिकती सांगतो, निवाडा करीत नाही. एक हरिणी त्याला दूध पाजून वाढवते. ती मरते तेव्हा बिघाड कुठे झाला हे पाहायला हय्य धारदार दगडांनी तिची छाती उघडतो. काळजाच्या उजव्या कप्प्यात गोठलेले रक्त, डावा कप्पा रिकामा. तिथून जे निघून गेले तीच आपली आई, हे धूड नव्हे, असे त्याला उमगते. पुढे एका जिवंत जनावराच्या काळजात तो बोट घालतो, तर आतल्या वाफेने ते जवळजवळ पोळते आणि जनावर तत्काळ मरते. लिहिणारा वैद्य आहे, हे अशा जागी कळते.

पस्तिशीपर्यंत त्याला आदिकारणाची, म्हणजे सगळे ज्याच्यापासून झाले त्याची, खात्री पटलेली असते. त्यापुढचा भाग कथेतला सर्वांत कसदार. गुहेत डोळे मिटून, मान खाली घालून हय्य त्या एकाच विषयावर चित्त लावू पाहतो. पण एखादे जनावर ओरडते, डोळ्यांपुढे काहीतरी तरळते, अवयव ठणकतो, भूक लागते, थंडी वाजते, नाहीतर शौचाला जावे लागते, आणि बैठक मोडते. ध्यानाच्या आड येणाऱ्या गोष्टींची इतकी प्रांजळ यादी पोथ्यांत क्वचितच सापडते. उपाय म्हणून तो ग्रहगोलांप्रमाणे स्वतःभोवती गरगर फिरतो आणि जगण्यापुरतेच खातो. अखेर ‘मी’पणाही गळतो. त्यातून बाहेर आल्यावर आपणच ते परमतत्त्व, असा भ्रम त्याला क्षणभर होतो. लेखक तो लगेच खोडतो. भाषा न येणारा माणूस इतका सुसंगत विचार कसा करतो, या प्रश्नाला मात्र तो फारसा भिडत नाही.

पन्नाशीला शेजारच्या बेटावरून एकांत शोधत अब्साल येतो आणि हय्यला बोलायला शिकवतो. दोघे अब्सालच्या बेटावर जातात. तिथले लोक हय्यचे बोलणे ऐकून वैतागतात. तो त्यांची माफी मागतो, आपापला धर्माचार पाळा म्हणतो, आणि अब्सालसह परततो.

१६७१ मध्ये ऑक्सफर्डला या कथेचे लॅटिन भाषांतर छापले गेले, १७०८ मध्ये सायमन ऑकलीने ती अरबीतून इंग्रजीत आणली. एकाकी बेटावर अडकलेल्या माणसाच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’ या १७१९ च्या इंग्रजी कादंबरीशी तिचे नाते नेहमी जोडले जाते. बेट दोघांचेही आहे, पण क्रूसो तिथे आपल्या सुखदुःखाचा जमाखर्च मांडत बसतो. हय्यकडे लिहायला कागदही नाही.