पिशवीतलं प्रवाळ आणि मराठवाड्याचं पाणी

इंडोनेशियाच्या किनाऱ्यावरून निघालेलं जिवंत प्रवाळ मुंबई विमानतळामार्गे संभाजीनगरच्या एखाद्या दिवाणखान्यात पोचायचं, तर त्याला दीड-दोन दिवस थर्माकोलच्या खोक्यात, काळोखात, पिशवीभर पाण्यावर काढावे लागतील. त्या पिशवीत काय घडतं हे समजलं, की आयातीचे नियम इतके कडक का आहेत ते कळतं, आणि आपल्याकडे घरात प्रवाळाची खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणं इतकं अवघड का, तेही.

प्रवाळ हा प्राणी आहे. काही मिलिमीटरचे हजारो छोटे जीव, म्हणजे पॉलिप, शेजारी-शेजारी बसतात आणि स्वतःखाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. त्यांच्या पेशींच्या आत झूझॅन्थेली नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं. दिवसा ते प्रकाशसंश्लेषण करतं आणि तयार झालेली साखर प्राण्याला देतं. काही जातींत गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या शेवाळाकडून येते. बदल्यात त्याला निवारा मिळतो, आणि प्राण्याने टाकलेला नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइडही.

पिशवी बंद झाली की हा व्यवहार थांबतो. उजेड नाही म्हणून शेवाळ ऑक्सिजन सोडत नाही, उलट तेही प्राण्याबरोबर श्वास घेत राहतं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकतं. घाबरलेलं प्रवाळ चिकट स्राव सोडतं, त्यावर जिवाणू वाढतात आणि ऑक्सिजनवर तेही हक्क सांगतात. म्हणून पाठवणारे पिशवीत पाणी कमी आणि शुद्ध ऑक्सिजन जास्त भरतात. या काळात अमोनियाही वाढत असतो. पण पीएच घसरलेला असल्यामुळे त्यातला बराचसा भाग अमोनियम या कमी विषारी रूपात असतो. प्रवास लांबला तरी काही प्रवाळं तग धरतात, ती यामुळेच.

खरा धोका पिशवी उघडल्यावर सुरू होतो. कोंडलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच झपाट्याने चढतो आणि तेच अमोनियम विषारी अमोनिया होतं. उघड्या पिशवीत टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत तासन्‌तास बसणं काळजीपोटी होतं खरं, पण लांबून आलेल्या जिवाला ते महागात पडू शकतं. बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावं, क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, जवळपास सारखी आहे ना ते पाहावं, मग प्रवाळ लवकर बाहेर काढावं. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये. लगेच प्रखर एलईडीखालीही ठेवू नये: काळोखातून आलेल्या शेवाळावर एकदम प्रकाश पडला की त्यातून घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात, प्राणी शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो.

आता कायदा. धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा, 1973 साली वॉशिंग्टनमध्ये झालेला साइट्स करार 1 जुलै 1975 पासून लागू आहे आणि भारत 1976 पासून त्यात आहे. कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. मेलेला सांगाडा आणि ‘लाइव्ह रॉक’ही (सूक्ष्म जीव चिकटलेला प्रवाळी दगड) त्यातून सुटत नाहीत. निर्यात करणाऱ्या देशाला परवाना देताना जंगली साठ्याला धक्का लागत नाही हे पाहावं लागतं. फिलिपिन्सने 1977 मध्येच प्रवाळांची निर्यात बंद केली. इंडोनेशियाने 2018 मध्ये ती थांबवली आणि नंतर समुद्रात लागवड करून वाढवलेल्या प्रवाळांसाठी पुन्हा वाट मोकळी केली.

भारतात मात्र बाहेरच्या देशाचा कागद पुरत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून रीफ (समुद्रातली प्रवाळांची भिंत) बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत. शिक्षा तीन ते सात वर्षांची. व्हॉट्सॲपवर ‘इम्पोर्टेड हार्ड कोरल’चे फोटो टाकून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल पाठवतो म्हणणाऱ्याकडून ते घेऊ नये, असं मी अगदी स्पष्ट सांगेन. कायद्याची भीती आहेच, पण ती फांदी कुठल्या रीफवरून तोडली हे त्यालाही माहीत नसतं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या प्रवाळ-विरंजनाची, म्हणजे प्रवाळं पांढरी पडण्याची, घोषणा केली. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी काही आठवडे तापला, तरी रीफ पांढरे पडू लागतात. तिथून आणखी तुकडे उचलायची ही वेळ नाही.

त्या एखाद-दोन अंशांपुढे आपला मे महिना ठेवून पाहा. बाहेर 42-43 अंश, खोलीत 36, आणि टाकीला हवेत 25 ते 27. पाणी गार करणारं यंत्र, चिलर, महाग, वर त्याचं वीजबिल. आपली कोरडी हवा इथे थोडी मदत करते. कूलर ज्या तत्त्वावर गार वारा देतो, त्याच तत्त्वावर पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की टाकी दोन-तीन अंश उतरते. मात्र बाष्प होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. हे चुकलं की आठवड्याभरात लिटरमागे 35 ग्रॅमची क्षारता 38-40 वर जाते.

आणि ते गोडं पाणी आणायचं कुठून? बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, म्हणून ते प्रवाळाला मानवेल असं अनेकांना वाटतं. पण आपलं भूजल बेसाल्टच्या खडकातून झिरपतं, त्यात सिलिका उतरते, आणि सिलिकावर डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ पोसून काचेवर तपकिरी थर धरतो. शेतातल्या खताचा आणि सांडपाण्याचा नायट्रेट वेगळाच. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट चालतो, प्रवाळाच्या टाकीत तो दहाच्या खाली ठेवायची धडपड असते. गल्लीत मिळणाऱ्या जारच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर आणावा लागतो, मग त्यात समुद्री मीठ. वीज गेली तर पंप इन्व्हर्टरवर हवाच; पाणी हललं नाही तर ऑक्सिजन आधी संपतो, उकाड्याचा त्रास नंतर.

एवढं करून ज्याला प्रवाळ ठेवायचंच आहे, त्याने मशरूम, लेदर किंवा झोआ अशा, कठीण सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांपासून सुरुवात करावी. ही साइट्सच्या यादीत नाहीत, तरी परदेशातून आणायची तर आरोग्य दाखला आणि क्वारंटाइन यांतून सुटका नसते. मला विचाराल तर आणूच नयेत. पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेला तुकडा मागावा. धारदार ब्लेडने मशरूमचा चार बोटांचा गोल मधोमध कापला, की दोन्ही भाग आक्रसून बोराएवढे होतात. ते खडीच्या डबीत, मंद प्रवाहात ठेवतात. काही दिवसांत कापलेली कड बुजते आणि तळवा खडीला धरतो. मग त्याच खड्याला सुपरग्लूचा थेंब लावून तो दगडावर बसवायचा.

झोआ कापताना मात्र रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. झोआ चिकटलेला दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकल्यामुळे वाफेतून अख्खं घर आजारी पडल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. तसा दगड घरात कधीही उकळू नये, आणि कापलेले तुकडे लहान मुलांच्या हाताला लागतील असे ठेवू नयेत.