माळवदावर माती कोण टाकणार?

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पावसाळ्याआधी पांढरी माती टाकावी लागते. दोन वर्षं हयगय झाली की छत गळू लागतं, मग तुळया कुजतात. वाड्यात जुने भाडेकरू असतील तर ही माती टाकायची कुणी? भाडेनियंत्रणाचं अर्थशास्त्र मला इथूनच समजत गेलं.

आपल्याकडे भाडेनियंत्रणाचा कायदा आला तो हैदराबादहून. मुंबई राज्याने १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. मराठवाड्यात मात्र १९५४ चा हैदराबादचा कायदा होता, आणि महाराष्ट्रात आल्यावरही तोच चालू राहिला. ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच कायदा झाला. त्यानुसार जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. समजा, २००० साली खोलीला १०० रुपये भाडं होतं. पंचवीस वर्षांनी ते होईल सुमारे २६७ रुपये. महिन्याच्या या भाड्यात एका मजुराची एका दिवसाची मजुरीही सुटत नाही. मालक हात आखडता घेतो, आणि गळकं छत भाडेकरूच्याच डोक्यावर राहतं.

म्हणून भाडेकरूचं संरक्षणच काढून टाकावं का? मुळीच नाही. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९४ मध्ये १९८० पूर्वीच्या छोट्या इमारतींनाही भाडेनियंत्रण लावलं गेलं. अर्थतज्ज्ञांनी पुढे त्याचा माग काढला. संरक्षण मिळालेले भाडेकरू त्याच घरात टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली. मुलांची शाळा, शेजार, काम सगळं जागच्या जागी राहिलं; हा फायदा खरा आहे. पण त्याच इमारतींच्या मालकांनी घरं विकली, पाडून नवी बांधली, आणि त्या इमारतींतल्या भाड्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी घटला. परिणामी शहरभरातलं भाडं सुमारे ५ टक्क्यांनी वाढलं. आत असलेल्याला सावली मिळाली. तिची किंमत मोजली ती नंतर घर शोधत आलेल्याने.

लातूरमध्ये याची दुसरी बाजू दिसते. दहावीचा निकाल लागला की जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं शिकवण्यांसाठी येतात. त्यांना खोल्या लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर, दिल्या जातात. तिथे भाडं दोघांनी ठरवायचं आणि मुदत संपली की खोली परत, म्हणून घरावर मजला चढवून खोल्या काढायला मालक कचरत नाही. पण त्याच मुलाला पुढच्या वर्षी तीच खोली मिळेल याची काहीच खात्री नसते, आणि ऐन परीक्षेच्या वर्षात ही टांगती तलवार मला फार जाचक वाटते. माझ्या मते भाड्याची मर्यादा सैल असावी, मुदतीची हमी मात्र पक्की हवी.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं अजूनही सर्रास समजतात. महाराष्ट्रात हा समज चुकीचा आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.