शेवटची गोळी कधी घेतली?

न्हाणीघरात पाय घसरून आजी पडतात, खुब्याचं हाड मोडतं. कॅज्युअल्टीतले डॉक्टर एक्स-रे बघता बघता विचारतात, "रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? कुठली? शेवटची कधी घेतली?" घरच्यांना वाटतं, हाड मोडलंय आणि हे गोळ्यांचं काय घेऊन बसलेत! पण ऑपरेशन आज करायचं की परवा, आणि भूल पाठीत इंजेक्शन देऊन द्यायची की नाही, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

मुळात या गोळ्यांनी रक्त पातळ होतच नाही. वरणात पाणी वाढवल्यासारखं काही घडत नाही, गुठळी धरायला उशीर लागतो इतकंच. हा उशीर प्रत्येक गोळी वेगळ्या जागी घडवते, म्हणून उताराही वेगळा.

हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना वॉरफॅरिन किंवा त्याच जातीची ॲसिट्रॉम असते. वॉरफॅरिन 1948 मध्ये आलं ते उंदीर मारायचं औषध म्हणून. 1951 मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एकाने जीव द्यायला तेच खाल्लं, आणि 'के' जीवनसत्त्व व रक्त देऊन तो वाचला. उतारा आहे म्हटल्यावर डॉक्टरांचा धीर वाढला. 1954 मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं.

रक्त गोठवणारे चार घटक तयार करायला यकृताला 'के' लागतं. वॉरफॅरिन नेमकं तेच अडवतं. आता 'के' शिरेतून दिलं तरी नवे घटक पुरेसे तयार व्हायला काही तास जातात. मेंदूत रक्तस्राव सुरू असताना एवढी वाट कोण पाहणार? मग तयार घटकच बाहेरून द्यायचे. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला गोठवून ठेवलेला द्रवभाग, दिला तर तो आधी वितळवावा लागतो आणि लागतोही लिटरभर. अशक्त हृदयाला तेवढं पाणी झेपत नाही, दम लागतो. पीसीसी म्हणजे याच घटकांचा अर्क: थोडक्या मापात, काही मिनिटांत काम. महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही, ही खरी अडचण.

नव्या गोळ्यांपैकी डॅबिगाट्रानला स्वतःचा उतारा आहे, इडारुसिझुमॅब. 2015 मध्ये मंजूर झालेली ही प्रतिपिंडं त्या औषधालाच घट्ट धरून ठेवतात. अपिक्साबान, रिव्हारोक्साबानवर रक्तस्राव जिवावर बेतला तर बऱ्याचदा पीसीसीच वापरतात. गंमत अशी, की या गोळ्या पोटात असूनही आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, जवळपास ठीक येऊ शकतो. तपासणी फसते, म्हणून वेळ विचारायची. किडनी चांगली असेल तर दोन दिवसांत बहुतेक असर आपोआप उतरतो. रक्तस्राव नसेल, तर तेवढं थांबणं हाच उतारा.

ॲस्पिरिनला उतारा नाही. ते प्लेटलेटला, म्हणजे गुठळी धरायला लागणाऱ्या रक्तातल्या कणाला, तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यापुरतं निकामी करतं. मग नव्या प्लेटलेट चढवाव्यात, असं कुणालाही वाटेल. पण 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॅच' चाचणीत, मेंदूत रक्तस्राव झालेल्या अशा रुग्णांना प्लेटलेट दिल्यावर त्यांची अवस्था उलट अधिक बिघडली.

असर उतरवायचा म्हणजे गुठळीला पुन्हा वाट मोकळी करायची. झडपेवर गुठळी धरली तर हृदय अडतं, नाहीतर लकवा मारतो. म्हणून गोळी आपल्या मनाने कधीच बंद करायची नाही. झडपेच्या रुग्णांना ऑपरेशननंतर बऱ्याचदा आधी हेपॅरिन या गुठळी रोखणाऱ्या औषधाचं ड्रिप लावतात, कारण ते बंद केलं की काही तासांत असर जातो. त्याहून घाई झाली तर हेपॅरिनचा उतारा प्रोटामिन असतंच, आणि ते मिळतं सॅमन माशाच्या शुक्राणूंपासून.