लाल-निळ्या अमेरिकेची सोयरीक

तुमच्या मुलानं किंवा मुलीनं विरोधी पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर तुम्हाला खटकेल का? अमेरिकेत १९६० साली एका सर्वेक्षणात हा प्रश्न विचारला, तेव्हा ‘हो’ म्हणणारे जेमतेम पाच टक्के निघाले. २०१० मध्ये जवळपास तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. या वेळी सुमारे निम्म्या रिपब्लिकनांनी आणि एकतृतीयांश डेमोक्रॅटांनी नाराजी कबूल केली. जातीपातीची सोयरीक पाहणाऱ्या आपल्याला हे ओळखीचं वाटेल. तिथे मात्र पक्षच जातीसारखा होत गेला.

गंमत म्हणजे १९५० साली तक्रार नेमकी उलटी होती. दोन्ही पक्षांत फारसा फरकच नाही, मग मतदारानं निवडायचं काय, असं तिथल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीनं लिहून ठेवलं आहे. तेव्हा दक्षिणेतले कट्टर गोरे डेमोक्रॅट होते आणि ईशान्येत उदारमतवादी रिपब्लिकनही पुष्कळ होते. वंशभेदाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिण हळूहळू रिपब्लिकनांकडे सरकली. वंश, धर्म, शहर-खेडं या सगळ्या रेषा एकाच पक्षरेषेवर येऊन बसल्या. दोन्ही बाजूंना संधी देण्याचं रेडिओ-टीव्ही प्रसारकांवरचं बंधन १९८७ मध्ये उठलं, १९९६ मध्ये रिपब्लिकनांकडे झुकलेली फॉक्स न्यूज ही वृत्तवाहिनी आली. लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळे म्हणजे डेमोक्रॅट, हे रंगही २००० च्या निवडणुकीनंतरच पक्के झाले. (आपल्याकडे लाल म्हटलं की लाल बावटा आठवतो, म्हणून हा खुलासा.)

ट्रम्प निवडून आल्यावर महिन्याभरानं, डिसेंबर २०१६ मध्ये, ओहायोतल्या साउथ लेबनन या छोट्या गावात ट्रम्पचे दहा आणि त्यांच्या डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांचे अकरा समर्थक दोन दिवस एकत्र बसले. बैठकीची आखणी केली होती बिल डोहर्टी यांनी, आणि त्यांचा व्यवसाय कौटुंबिक समुपदेशनाचा. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या नवरा-बायकोंना समजवायला जसं बसवतात, तशीच ही मांडणी होती. ‘समोरचे आपल्याला काय समजतात’ याची यादी प्रत्येक गटानं आधी आपली आपण करायची. त्यातलं चूक काय ते सांगायचं, आणि खरं किती तेही. मग एका गटानं मध्ये बसून आपसांत बोलायचं, दुसऱ्यानं भोवती बसून फक्त ऐकायचं. कुणाचं मत बदलायचं नाही, ही पहिली अट. मला या पद्धतीतलं सर्वांत शहाणं कलम हेच वाटतं.

डोहर्टींचे सहकारी डेव्हिड ब्लँकनहॉर्न यांचा अनुभवही यामागे होता. समलिंगी विवाहाला विरोध म्हणून त्यांनी २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अशा विवाहांवरच्या बंदीच्या खटल्यात साक्ष दिली होती. २०१२ मध्ये त्यांनी तो विरोध जाहीरपणे सोडला. समलिंगी विवाहाचे पुरस्कर्ते लेखक जोनाथन राउश यांच्याशी जमलेल्या मैत्रीचा त्यात वाटा होता.

या बैठकीतून उभ्या राहिलेल्या संस्थेचं नाव ‘बेटर एंजल्स’. हे शब्द लिंकनच्या १८६१ च्या शपथविधीच्या भाषणातले; माणसाच्या मनातल्या ‘भल्या देवदूतांना’ साद घालत त्यानं फुटू पाहणाऱ्या देशाला एकोप्याचं आवाहन केलं होतं. त्या आवाहनानंतर दीड महिन्याच्या आत यादवी युद्ध पेटलं होतं, हे नाव ठेवणाऱ्यांना ठाऊक असणारच. २०२० मध्ये संस्थेचं नाव ‘ब्रेव्हर एंजल्स’ (अधिक धाडसी देवदूत) झालं. कार्यशाळा देशभर पसरल्या, पण एक अडचण कायम राहिली: निळे सहज येतात, लालांना आणताना दमछाक होते. शिवाय येतात ते मुळात ऐकायला तयार असलेलेच.

पक्षीय वैर कमी करण्याच्या अशा उपायांची मोठी परीक्षा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुढाकारानं झाली. २५ उपाय ३२ हजारांहून अधिक लोकांवर तपासले गेले. निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. २३ उपायांनी विरोधी पक्षाच्या माणसांबद्दलचा राग कमी केला. आपल्या पक्षानं सत्तेसाठी लोकशाहीचे नियम मोडले तरी चालतील, ही वृत्ती मात्र त्यातल्या मोजक्याच उपायांनी कमी झाली.