खुलासा: सीएसएमटीचं कोरीवकाम लॉकवुड किपलिंग यांचं नाही

मुंबईच्या सीएसएमटी स्थानकाचं दगडी कोरीवकाम ब्रिटिश शिल्पकार आणि कलाशिक्षक लॉकवुड किपलिंग यांनी केलं, असं वर्षानुवर्षं ऐकत आलोय. तारखा पाहिल्या तर हे जुळत नाही. किपलिंग 1875 मध्येच मुंबई सोडून लाहोरच्या मेयो स्कूल या कलाशाळेत गेले आणि स्थानकाचं काम सुरू झालं 1878 मध्ये. ते 1888 मध्ये पूर्ण झालं.

मग हात कुणाचे? बरंचसं नक्षीकाम जवळच्याच कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या, विद्यार्थ्यांचं. मार्गदर्शक होते जॉन ग्रिफिथ्स. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करून घेणारे तेच. घुमटावरची 'प्रगती'ची मूर्ती आणि फाटकावरचे सिंह-वाघ मात्र ब्रिटिश शिल्पकार थॉमस अर्प यांचे.

घोटाळा कशामुळे झाला असावा, तेही कळतं. किपलिंग याच शाळेत शिकवत होते आणि क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पं खरोखर त्यांचीच आहेत. एक नाव गाजलं की शेजारचं सगळं त्याच्या खाती जमा होतं.

पुढच्या वेळी लोकल पकडायच्या आधी दोन मिनिटं थांबा. पिसारा फुलवलेला मोर दिसेल, पानांआडून डोकावणारी माकडं, खारी दिसतील. ज्या पोरांनी हे छिन्नीनं घडवलं, त्यातल्या बहुतेकांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. निदान त्यांचं श्रेय तरी दुसऱ्याला देऊ नका.