कृषिसंशोधनाचे संयुक्त अर्थसाहाय्य, सोलापूर जिल्हा

शेतीविषयक संशोधनाचा खर्च शासन आणि शेतमालावर चालणारे उद्योग यांनी वाटून घेण्याची पद्धत. उपकर (ठरावीक कामासाठी बसवलेला जादा कर), उसाच्या गाळपावरील वर्गणी, शुल्क भरून करून घेतलेले संशोधन व प्राप्तिकरातील सवलत ही तिची प्रमुख रूपे होत. सोलापुरात कापड, साखर आणि अलीकडे डाळिंब यांच्या निमित्ताने ती आढळते. जिल्ह्याच्या रानोमाळ पसरलेली रब्बी ज्वारी मात्र तिच्या बाहेर राहिली.

सुरुवात : या पद्धतीचा सोलापुरातील आरंभ दोन ठिकाणांहून धरता येतो. कोरडवाहू शेती संशोधन केंद्राची स्थापना (सु. १९३३) हे एक, आणि कापूस उपकर कायदा (१९२३) हे दुसरे. केंद्र शहरातच असल्यामुळे पहिल्याकडे लक्ष लवकर जाते. पण त्यामागचा पैसा सरकारी होता. उद्योगाच्या तिजोरीतून संशोधनासाठी नियमित रक्कम निघू लागली ती कापूस उपकरामुळे. म्हणून आरंभ १९२३ पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

या कायद्याने निर्यात होणाऱ्या आणि ब्रिटिश हद्दीतील गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या भारतीय कापसावर उपकर बसवला. प्रमाण गाठ ४०० पौंडांची. पहिली तीन वर्षे गाठीमागे चार आणे, नंतर दोन आणे असा दर होता. सुट्या कापसाला दोन आण्यांच्या हिशोबाने शंभर पौंडांमागे सहा पै पडत. गिरणीमालकाने मागील महिन्यात किती कापूस वापरला याचे विवरणपत्र दर महिन्याला कलेक्टरकडे द्यायचे आणि त्यावर आकारणी व्हायची. सोलापूर मुंबई इलाख्यात असल्याने १८७७ मध्ये निघालेली जुनी गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या उपकराच्या कक्षेत होत्या. जमा रक्कम इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीकडे (स्थापना १९२१) जाई. या कमिटीत सरकारी अधिकाऱ्यांबरोबर गिरणीवाले व व्यापारीही असत. माटुंग्याची कापूस तंत्रप्रयोगशाळा (१९२४) कमिटीने उभारली. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेचा भारही मुख्यतः तिनेच उचलला. उपकर सोलापुरात भरला जाई, प्रयोग मात्र दूरवर चालत. १९६० च्या दशकाच्या मध्यास अशा पीकवार कमिट्या मोडीत निघाल्या व त्यांचे काम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आले. त्या परिषदेसाठी १९४० च्या कायद्याने ठरावीक शेतमालाच्या निर्यातीवर मूल्याच्या अर्धा टक्का उपकर होता. तो २००६ मध्ये रद्द झाला.

कोरडवाहू केंद्र : शाही कृषी आयोगाच्या अहवालानंतर (१९२८) ही कृषी अनुसंधान परिषद अस्तित्वात आली (१९२९) आणि तिच्या अनुदानावर सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक येथे कोरडवाहू संशोधन सुरू झाले. केंद्रनिहाय वर्षे १९३३ ते १९३५ अशी मागेपुढे दिली जातात. ना. वि. कानिटकर यांच्या नावाशी जोडलेली ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ या कामातून पक्की झाली : बांधबंदिस्ती, काही वर्षांआड खोल नांगरट, शेणखत, एकरी कमी बी, दोन ओळींत दीड फुटाचे अंतर आणि वारंवार कोळपणी. उतारावरून किती पाणी व किती माती वाहून जाते याची देशातील अगदी आरंभीची मोजमापे सोलापुरातच झाली. काळ्या रानात कोळप्याने भेगा बुजवून ओल धरून ठेवायची, हे शेतकऱ्याला ठाऊकच होते. केंद्राने त्याला आकड्यांचा आधार दिला.

मोहोळ येथे मालदांडी या स्थानिक ज्वारीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण सर्वसाधारणपणे १९३० च्या दशकातील मानतात. निवडीचे वर्ष आणि शिफारशीचे वर्ष यांची गल्लत होत असल्याने एकच साल देणे उचित नाही. गाठीमागे दोन आणे मोजणारा गिरणीवाला कापसाला होता, तसा ज्वारीला कोणी नव्हता, आणि तरीही सोलापूरच्या भाकरीला सर्वांत टिकाऊ देणगी या सरकारी खर्चाच्या कामातूनच मिळाली, याची नोंद ठळकपणे व्हायला हवी. १९७० पासून सोलापूरचे केंद्र अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू प्रकल्पात आहे. अशा प्रकल्पांत ७५ टक्के वाटा परिषदेचा व २५ टक्के राज्याच्या कृषी विद्यापीठाकडून, येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून, येतो.

साखर : माळीनगर, श्रीपूर येथील जुन्या खाजगी कारखान्यांपासून आजच्या सहकारी व खाजगी कारखान्यांपर्यंत जिल्ह्यातील साखर उद्योगाचा विस्तार मोठा आहे. मांजरी (पुणे) येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (१९७५) कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागील वर्गणीवर उभी राहिली. साखर विकास निधीतूनही (१९८२) संशोधनाला अनुदान मिळे; त्यासाठीचा साखर उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विलीन झाला. टनामागची ही वर्गणी ऊस उत्पादकाच्याच हिशोबातून जाते, असे शेतकरी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

डाळिंब : केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र (२००५) केंद्रीय निधीवर चालते. फळावर आधी तेलाच्या थेंबासारखा डाग, मग तिथेच साल तडकणे, अशा तेल्या रोगाने बागा मोडल्या तेव्हा या केंद्राचे महत्त्व सर्वांना पटले. लोह, जस्त व क जीवनसत्त्व अधिक असलेला ‘सोलापूर लाल’ (२०१७) येथलाच. उद्योगाचा सहभाग चाचणीशुल्क व तंत्रज्ञानाच्या परवान्यापुरता दिसतो. कंपन्यांना स्वतःच्या संशोधनखर्चावर मिळणारी वाढीव करवजावट (करपात्र उत्पन्नातून वजा होणारी रक्कम) खर्चाच्या २०० टक्क्यांवरून २०१७ मध्ये १५० व २०२० मध्ये १०० टक्क्यांवर आली.

या पद्धतीच्या बाहेरही नवे वाण निघाले. द्राक्षातील सोनाका व शरद सीडलेस हे वाण उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज गावचे. शेतकऱ्याने आपल्याच बागेत वेगळी दिसलेली वेल ओळखून ते निवडले.