दुखापतीसाठी ग्रोथ हार्मोन: नाडाची सूट कोणाला मिळते, अर्ज कसा करायचा

गुडघ्याचं लिगामेंट गेलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पैलवानाला सल्ल्यांची कमी पडत नाही. त्यातला सगळ्यात धोक्याचा सल्ला म्हणजे, "ग्रोथ हार्मोन घे, लवकर उभा राहशील, डॉक्टरची चिठ्ठी असली की झालं." नुसत्या चिठ्ठीवर हे चालत नाही.

ग्रोथ हार्मोन वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) बंदी यादीत एस-२ या हार्मोनच्या गटात आहे आणि ही बंदी बारा महिने लागू असते, सरावाच्या दिवसांतही. नमुन्यात सापडलं आणि मुद्दाम घेतलं नव्हतं हे सिद्ध करता आलं नाही, तर चार वर्षं खेळ बंद.

खरोखर आजार असेल तर वैद्यकीय सूट मागता येते. तिला टीयूई म्हणतात. राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूने अर्ज दिल्लीच्या नाडाकडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) करायचा, आंतरराष्ट्रीय पातळीच्या खेळाडूने आपल्या खेळाच्या जागतिक संघटनेकडे. तुम्ही कर्नाटकाकडून खेळता आणि सराव कोल्हापूरच्या तालमीत करता, तरी अर्ज तोच. त्यासाठी रहिवासी दाखला किंवा तहसीलदाराची सही मिळवत फिरू नका.

ही सूट मिळण्यासाठी चार अटी आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात. आजाराचं पक्कं निदान हवं. औषधाने प्रकृती पूर्ववत व्हावी, त्यापलीकडे ताकद वाढू नये. बंदी नसलेला दुसरा योग्य उपचार नसावा. आणि आधी परवानगीशिवाय घेतलेल्या बंदीच्या औषधामुळे ही गरज निर्माण झालेली नसावी.

दुखापतीचा अर्ज इथेच अडतो. फाटलेल्या लिगामेंटला शस्त्रक्रिया आहे, फिजिओथेरपी आहे. ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात कोलॅजन (लिगामेंटसारख्या भागांना बळकटी देणारं प्रथिन) जास्त तयार होतं हे खरं, पण त्याने धडधाकट माणसाची दुखापत लवकर भरून येते याला भक्कम पुरावा नाही. उलट अंगावर सूज, सांधेदुखी, हाताला मुंग्या, रक्तातली साखर वाढणं हे त्रास ठाऊक आहेत. विशीतल्या पोराने हे अंगावर का घ्यावं?

सूट मिळू शकते ती शरीरात या हार्मोनची खरी कमतरता असलेल्याला: पिट्युटरी ग्रंथीची (मेंदूच्या तळाशी असलेली, हा हार्मोन तयार करणारी ग्रंथी) गाठ, तिची शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा डोक्याला जबर मार यांमुळे झालेली. अशांनी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडूनच (हार्मोनच्या आजारांचे डॉक्टर) कागद तयार करून घ्यावेत. अर्जावर खेळाडू आणि डॉक्टर दोघांच्या सह्या लागतात. सोबत आजाराचा पूर्ण इतिहास, आयजीएफ-१ चा (ग्रोथ हार्मोनमुळे तयार होणारं रक्तातलं द्रव्य) रिपोर्ट, इन्सुलिन टॉलरन्ससारख्या उत्तेजन चाचणीचे (औषध देऊन हार्मोन वाढतं का हे पाहणारी) आकडे, पिट्युटरीचा एमआरआय, आणि डोस किती, कसा, किती दिवस हे स्पष्ट लिहिलेलं हवं. फक्त आयजीएफ-१ कमी आलंय एवढ्यावर भागत नाही. एखादा कागद कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, आणि सगळ्याची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.

स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज पाठवा. फाइल पूर्ण असेल तर साधारण २१ दिवसांत निर्णय येतो. मंजुरी हातात येईपर्यंत औषध सुरू करू नका. नंतर अर्ज करण्याची सोय आहे, पण ती तातडीच्या उपचारासारख्या मोजक्या प्रसंगांसाठी. सूट ठरावीक मुदतीची असते. पुढेही औषध लागणार असेल तर मुदत संपण्याआधी नवा अर्ज करावा लागतो. नकार आला तर अपील करता येतं.

दुखापतीवर पीआरपी इंजेक्शनला (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं) बंदी नाही. मात्र ऑनलाइन विकली जाणारी बीपीसी-१५७ आणि टीबी-५०० ही पेप्टाइड्स बंदीतच आहेत. सांध्यात सूज कमी करणारं स्टेरॉइड (ग्लुकोकॉर्टिकॉइड) देणार असतील तर डॉक्टरांना पुढच्या स्पर्धेची तारीख आधी सांगा, कारण २०२२ पासून स्पर्धेच्या काळात या स्टेरॉइडच्या कोणत्याही इंजेक्शनला बंदी आहे.